दोनदा टायमिंग चेन बदललेली १.३ डिझेल, ९२ हजार किलोमीटर नंतरचा हिशोब

मेव्हण्याने परवा परत विचारलं, "दाजी, चेन बदललेल्या इंजिनचा काय भरवसा? एकदा खोललं म्हणजे खोललं." हाच प्रश्न ऑफिसात, सोसायटीत, एकदा तर तवंदी घाटाच्या खाली चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने विचारलाय, कारण त्याचीही तीच गाडी आणि तोच खळखळ आवाज. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, गॅरेजचाही रिव्ह्यू आणि कामाचाही. लांबलंय थोडं.

गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, डिसेंबरात घेतली, पहिल्यापासून माझ्याच हातात. मी पंपाचे पार्ट विकतो, त्यामुळे इचलकरंजी, सांगली, बेळगाव, पुणे असं फिरणं महिन्याचं दीड-दोन हजार किलोमीटर होतंच. गाडीची कंपनी कुठली ते सांगत नाही आणि सांगून फार उपयोगही नाही, कारण आतलं १२४८ सीसीचं इंजिन त्या काळात निम्म्या देशाच्या बॉनेटखाली होतं. मूळ फियाटचं मल्टीजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया अशी मोजत बसलात तर बोटं पुरायची नाहीत. एक मानेसरला बनायचं, एक आपल्या रांजणगावला. लोक चेष्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. माझं ७५ पीएसवालं, १९० न्यूटन मीटर, टर्बो २००० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) आसपास जागा झाला की गाडी अशी काही उठते की अजूनही मजा येते. २०२० च्या एप्रिलला प्रदूषणाचा बीएस६ नियम आला आणि मारुतीने डिझेलच बंद केलं, पण रस्त्यावर टॅक्सीवाल्यांकडे हे इंजिन अजून ढिगाने आहे आणि त्यामुळे पार्टची बोंब नाही.

घेताना शोरूमच्या पोराने छाती फुगवून सांगितलं होतं, "सर बेल्ट नाही, चेन आहे, लाइफटाइम." कुणाचा लाइफ, इंजिनचा का चेनचा, ते विचारायचं राहिलं.

आता ही चेन करते काय ते थोडक्यात, कारण निम्म्या लोकांना हीच शंका असते. खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, वर कॅम फिरतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, आणि दोघांच्या टोकाच्या दातेरी चाकांवरून (ह्यांनाच मिस्त्री लोक गिअर म्हणतात) पळत ह्या दोघांचं लग्न लावून ठेवते ती टायमिंग चेन. सायकलच्या चेनसारखीच पण बारीक, इंजिनच्या आत, ऑइलमध्ये न्हालेली. तिला ताणून धरायला एक टेन्शनर असतो, तो ऑइलच्या प्रेशरवर बाहेर येतो, आणि चेन फडफडू नये म्हणून दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या गाईड पट्ट्या. माझ्या गाडीला पाचव्या गिअरला ८० च्या स्पीडला साधारण १८०० आरपीएम असतात, म्हणजे एका किलोमीटरला क्रँकचे साडेतेराशे फेरे. लाखभर किलोमीटरला साडेतेरा कोटी! आणि हे नुसतं हायवेचं, गावात तिसऱ्या गिअरला रखडत चालवलं तर अजून जास्त.

चेन ताणली, लांबली असं आपण म्हणतो पण लोखंड रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिचं घर झिजतं, केसाएवढं, पण कड्या शंभरच्या वर असल्या की ते केस-केस मिळून काही मिलिमीटर होतात. आणि झिजतं कशाने, तर डिझेलच्या काजळीने. डिझेलचं ऑइल टाकून पाचशे किलोमीटर झाले की काळं होतं हे सगळ्यांनी बघितलंय, ती काजळी जास्त झाली की पॉलिश पेपरसारखी काम करते. ऑइल वेळेत बदललं तर काजळी बाहेर जाते, नाही बदललं तर चेनला लागते. एवढं साधं आहे.

आणि इथेच माझी चूक. कंपनी म्हणते दहा हजाराला बदला, मी ९० हजार ते १ लाख ४० हजार ह्या काळात एकदा चौदा हजार, एकदा साडेपंधरा हजार, एकदा तर आठवतही नाही इतकं ताणलं. धंद्याची धावपळ होती, आणि गाडी काही बोलत नव्हती तोवर मीही बोललो नाही. एकदा लेव्हल कमी दिसली म्हणून पेठनाक्याजवळ पंपावर जे मिळालं ते अर्धा लिटर ओतलं. तेव्हा ह्यात कंपनीला शिव्या द्यायला मला तोंड नाही.

२०१९ च्या जानेवारीत सकाळी सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खळखळ, पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा आवाज, मग गायब. डिझेल आहे, आवाज करणारच, असं म्हणून मी तीन महिने काढले. मग तो आवाज पाच सेकंद झाला, मग पिकअप जरा मेल्यासारखा वाटायला लागला, हायवेला २१ देणारी गाडी १७ वर आली, आणि एप्रिलात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी००१६. म्हणजे क्रँक म्हणतोय एक आणि कॅम म्हणतोय दुसरं, दोघांचं जुळेना. ओडोमीटरवर १ लाख ४८ हजार.

त्या वेळी मी पुण्यात होतो त्यामुळे तिथल्याच एका मोठ्या, चकाचक गॅरेजात गाडी लावली. नाव घेत नाही. काचेच्या खोलीत एसी, कॉफी मशीन, पोरांच्या अंगावर नावाचे टीशर्ट, मोबाईलवर आपल्या गाडीचे फोटो येणार. फक्त गिऱ्हाईकाने आत यायचं नाही, सेफ्टी म्हणे. दोन दिवसांत गाडी दिली, बिल १४,८०० रुपये, आणि बिलावर लिहिलेलं "टायमिंग चेन, टेन्शनर, लेबर, ऑइल, फिल्टर". आवाज गेला, दिवा गेला, मी खूश. स्वस्तात सुटलो असं बायकोलाही सांगितलं, तिने ते अजून लक्षात ठेवलंय.

२३ हजार किलोमीटर. फक्त. २०२० च्या नोव्हेंबरात, लॉकडाऊन उठून धंदा जरा सुरळीत होत होता तेव्हा, परत तोच आवाज. ह्यावेळी नुसता स्टार्टला नाही, गरम इंजिनला पण आयडलला बारीक खरखर. त्यात एक दिवस कागलच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि गेला. तो दिवा लागला की गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करायची असते, मी मात्र घाबरत घाबरत ४० च्या स्पीडने घरापर्यंत आणली, हे शहाणपणाचं नव्हतं ते आता कळतंय.

शेजारच्या फाउंड्रीवाल्या काकांनी उद्यमनगरातलं एक गॅरेज सांगितलं. ज्यांना कोल्हापूरचं उद्यमनगर माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथे गल्लोगल्ली लेथ आणि ओतकामाचे कारखाने, सकाळपासून लोखंडाचा वास, आणि इंजिनचा कुठलाही भाग तुटला तर "नवीन करून दिऊ की" म्हणणारा माणूस दोनशे फुटांत सापडतो. हे गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन गाड्या आत, तीन रस्त्यावर, बोर्डावरचा रंग उडालेला. बसायला एक मोडकी सीट, कुठल्याशा जुन्या गाडीची. कॉफी नाही, समोरच्या गाड्यावरचा कटिंग चहा आहे.

मिस्त्री साठीच्या आसपास, चष्मा दोरीने बांधलेला. स्कॅनर लावायच्या आधी त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक चेनवरच्या झाकणाला, म्हणजे टायमिंग कव्हरला, टेकवलं आणि मूठ कानाला. दहा सेकंद.

"साहेब, इंजेक्टर-बिंजेक्टर काय न्हाई ह्यात. चेन हाय."

मी म्हटलं, अहो मिस्त्री, दीड वर्षापूर्वीच बदललीय, नवी आहे.

"चेन नवी आसंल. पट्ट्या बदलल्या काय? गिअर बदलले काय?"

बिल दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि एवढंच म्हणाले, "खोलल्याशिवाय काय कळायचं न्हाई. पर तवर धक्का मारून चालू करू नगा, आन उतारावर नुसती गिअरवर लावून ठिवू नगा." कारण विचारलं तर त्यांनी हाताची दोन बोटं फिरवून दाखवलं, बंद इंजिनला ऑइलचं प्रेशर नसतं, टेन्शनर सैल पडलेला असतो, अशात चाकाकडून क्रँकला हिसका बसला तर झिजलेली चेन एक-दोन दाते उडी मारू शकते. चेन उडाली तर पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ पडते. ह्या इंजिनात बऱ्याच वेळा व्हॉल्व्ह दाबणारे वरचे रॉकर आधी तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात, पण नाही वाचले तर हेड खाली आणि खर्च चौपट.

काम मी पूर्ण वेळ उभं राहून बघितलं, कारण त्यांनी हाकललं नाही. उजवीकडचं चाक काढलं, इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, इंजिनला धरून ठेवणारं फाउंडेशन सोडलं, बाहेरचा पट्टा आणि क्रँक पुली काढली, खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं आणि मग टायमिंग कव्हर. ह्या इंजिनचा ऑइल पंप त्या कव्हरमध्येच असतो, म्हणून हे काम कुणीही दोन तासांत करतो म्हणाला तर दुसरीकडे जा. कव्हर निघालं आणि मिस्त्रींनी मला हाक मारली.

एका गाईड पट्टीचा खालचा कोपरा गायब. तुटलेला. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं, बिस्किटासारखं, आणि त्यावर चेनने दोन खोल चऱ्या पाडलेल्या, दीड लाख किलोमीटरच्या. म्हणजे २०१९ ला चेन नवी टाकली पण ती पळवली जुन्याच पट्ट्यांवर आणि जुन्याच गिअरवर. गिअरचे दाते एका बाजूने आकड्यासारखे वाकडे झिजलेले, आणि त्यावर व्हाइटनरच्या खुणा! क्रँक-कॅम जागेवर धरायच्या लॉकिंगच्या पिना न वापरता खुणा करून चेन चढवली होती. मग तो गायब कोपरा कुठे गेला? चेंबरमध्ये ऑइल ओढायची जी जाळी असते त्या जाळीत, तीन तुकड्यांत. कागलचा लाल दिवा तोच. अजून एखादा तुकडा अडकला असता तर बेअरिंग गेले असते, मग चेन, टेन्शनर वगैरे विसरा, अख्खं इंजिन बोरिंगला.

मला त्या एसी गॅरेजचा राग आला हे खरं, पण नंतर शांत डोक्याने विचार केला तर मीही विचारलं नव्हतं ना, की काय काय बदलणार. "चेन बदलून द्या" म्हटलं, त्यांनी चेन बदलली.

मिस्त्रींनी जुनी चेन आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली. फक्त २३ हजार चाललेली ती चेन नव्या चेनपेक्षा तीन-चार मिलिमीटर खाली लोंबत होती. वाकड्या दात्यांच्या गिअरवर नवी चेन टाकली की ती गिअरसारखीच होते, वाण नाही पण गुण लागला म्हणतात तसं.

खर्च सांगतो, २०२० चा आहे, आता वाढला असेल. ओरिजिनल किट, म्हणजे चेन, टेन्शनर, दोन्ही पट्ट्या, दोन्ही गिअर, हे सगळं ११,२००. क्रँकचं ऑइल सील, कव्हरचं सिलिकॉन, बाहेरचा पट्टा आणि त्याची पुली ४,१००. ऑइल आणि फिल्टर दोन वेळचं ४,६००, दोन वेळचं का ते सांगतो. लेबर ७,५००. एकूण २७,४००. किट लोकल घेतला असता तर पाच-सहा हजारात मिळत होता, मिस्त्रींनी दोन्ही टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पैसं तुमचं हायत, पर लोकल टाकला तर माज्याकडनं गॅरंटी न्हाई." मला ही भाषा आवडते. चेन चढवताना दोन पिना कॅमला, एक क्रँकला, मग सगळं आवळून पिना काढल्या, पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला आणि त्याच पिना परत बसतात का ते बघितलं. बसल्या. मग अजून दोन फेरे. "आता बसली." तीन दिवस गाडी तिथे होती, तिसरा दिवस नुसता सिलिकॉन वाळवायला, घाई केली असती तर संध्याकाळी मिळाली असती पण त्यांनी दिली नाही.

ऑइल दोनदा अशासाठी की पहिलं ऑइल हजार किलोमीटरला काढून टाकायचं, चेंबर आणि कव्हर उघडल्यावर कचरा, सिलिकॉनचे कण, उरलेलं प्लॅस्टिक जे काय असेल ते वाहून यावं म्हणून. काढलं तेव्हा ते चाळणीतून गाळून दाखवलं मला, तीळाएवढा एक पिवळा तुकडा निघाला. तेवढाच.

आता मुद्द्याचं, त्यानंतर काय. काम झालं तेव्हा १ लाख ७१ हजार, आज २ लाख ६३ हजार. पाच वर्षं, ९२ हजार किलोमीटर. ह्यात दोन वेळा गोवा आंबोलीवरून, एकदा हंपी, भर पावसात गगनबावडा कितीदा ते मोजलं नाही, आणि सातारा-कोल्हापूर हायवेच्या कामातली ती डायव्हर्जनं, ज्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरला तास तास जातो. चेनसाठी इंजिन परत उघडलेलं नाही. सकाळचा स्टार्ट अर्ध्या सेल्फला. हायवेला एसी लावून २०, बिन एसी २२. ऑइल पितं का, तर ७,५०० किलोमीटरमध्ये लेव्हलच्या काडीवर पाव इंच, एवढं ह्या वयाला चालतं.

पण सगळं गोडगोड पण नाही. काम झाल्यावर ४५ हजारांनी टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरायला लागलं. टपकत नाही, पार्किंगमध्ये डाग नाही, नुसता ओलसर काळा थर बसतो. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले परत कव्हर काढून सिलिकॉन करायला पाच हजार लेबर जाईल, ऑइल कमी होत नसेल तर पुसा आणि गप बसा. मी पुसतो आणि गप बसतो. कंपनीतून लावलेलं सिलिकॉन पुण्यात कव्हर उघडेपर्यंत सहा वर्षं कोरडं होतं हेही तितकंच खरं, हाताने लावलेल्याला ती सर येत नाही.

दुसरी गोष्ट, साधारण ६० हजारांनंतर एका सकाळी परत खळखळ. एकच सेकंद, पण माझ्या पोटात गोळाच. चेनच्या टेन्शनरपेक्षा मलाच जास्त टेन्शन. तशीच गाडी उद्यमनगरला नेली. मिस्त्रींनी पहिला प्रश्न केला, "फिल्टर कुटनं टाकला?" मागचं ऑइल घाईत सोलापूरला एका ठिकाणी बदलून घेतलं होतं, फिल्टर भलताच लोकल निघाला, कागद आत चेपलेला. ओरिजिनल फिल्टर, ताजं ५डब्ल्यू-३० ऑइल, दुसऱ्या सकाळी आवाज गायब तो आजतागायत. तेव्हापासून डिकीत एक फिल्टर पडूनच असतो, बायको त्याला माझा डबा म्हणते.

मध्ये बाकीचे खर्च झाले, क्लच प्लेट २ लाख ५ हजाराला, एक फाउंडेशन, टर्बोचा एक होज फाटला तो खंबाटकीत, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) दोनदा साफ. ह्यातल्या कशाचाही चेनशी संबंध नाही पण नातेवाईक लगेच म्हणतात, "बघ, इंजिन खोललं तेव्हापासून सुरू झालं." अरे बाबांनो, दोन लाखाला क्लच जातोच!

तर मेव्हण्याचा मूळ प्रश्न. त्याला एक २०१५ ची सेकंडहँड सेडान मिळतेय, हेच इंजिन, ९० पीएसवालं, १ लाख ६० हजार चाललेली, मालक म्हणतो चेन बदललीय. मेव्हण्याला वाटतं म्हणून ती घेऊ नये. मी उलट म्हणतो. ह्या रनिंगला ह्या इंजिनची चेन न बदललेली गाडी घेतली तर तो खर्च तुझ्या खिशातून जायची शक्यता जास्त, बदललेली असेल तर तो दुसऱ्याच्या खिशातून गेलाय. फक्त "बदललीय" ह्या शब्दावर जायचं नाही. बिल मागायचं आणि बिलावर चेन, टेन्शनर, पट्ट्या, गिअर अशी चारही नावं आहेत का बघायचं, माझ्या पहिल्या बिलावर दोनच होती. बिल नसेल तर उजव्या बाजूने वाकून टायमिंग कव्हरची कड बघायची, ताजं सिलिकॉन वेगळं दिसतं, कुठे कुठे बाहेर आलेलं असतं, म्हणजे निदान कव्हर उघडलं होतं एवढं तरी कळतं. गाडी बघायला जाताना मालकाला आधी सांगून ठेवायचं की स्टार्ट करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवायचा, गरम लागला तर समजा आवाज लपवायला आधीच चालवून ठेवलीय, चहा पिऊन घरी या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. ऑइलचं झाकण उघडून आत काळा गाळ चिकटलाय का ते बघायचं, गाळ असेल तर नवी चेन पण तिथे किती दिवस काढणार. काळं पातळ ऑइल चालेल, डिझेल आहे, गाळ नको.

आणि घेतल्यावर ऑइल. मी आता साडेसात हजाराला बदलतो, दहा हजाराची वाट बघत नाही, जास्तीचा खर्च वर्षाला दीड-दोन हजार होतो. माझ्या मावसभावाकडे डस्टर आहे, १.५ डिझेल, तिला चेन नाही बेल्ट आहे, तो ठरल्या वेळी बेल्ट बदलतो आणि विसरून जातो. मला आधी त्याची कीव यायची की बिचाऱ्याला मधे मधे खर्च. आता वाटतं बेल्टवाल्याला निदान तारीख माहीत असते. चेनवाल्याला कुणी तारीख देत नाही, म्हणून तो ऑइलही विसरतो.

स्टार द्यायचे झाले तर पुण्याच्या कामाला एक, तोही कॉफीला. उद्यमनगरच्या कामाला साडेचार, अर्धा त्या पाझरण्याचा कापला. इंजिनला चार. पाचवा दिला असता पण चेन जरा जाड बनवायला हवी होती असं मिस्त्रींचं मत आहे आणि त्यांनी ह्या इंजिनच्या इतक्या चेन हातात घेतल्यात की मी वाद घालत नाही.

२०२७ च्या डिसेंबरात गाडीला पंधरा वर्षं होतील, पासिंग रिन्यू करायचं, पर्यावरण कर भरायचा की विकायची हे घरात अजून ठरलेलं नाही. एका टॅक्सीवाल्याने आत्ताच दीड लाखाला मागितली, आवाज ऐकून, बिल बघून. दिली नाही.

गॅरेजचं म्हणाल तर सोमवारी बंद असतं. मिस्त्री फोन उचलत नाहीत, हात कायम तेलात असतो, तेव्हा सरळ जायचं, सकाळी दहाच्या आत. दुपारी दोन ते साडेतीन झोपतात, त्या वेळात हॉर्न वाजवलात तर मग गाडी चार दिवस हात न लावता ठेवतील, हे मी बघितलंय. जीपेचा स्कॅनर पोराने लावलाय, पण रोखीत दिलं तर चहा त्यांच्याकडून.